राबातला निळा घोडा

आमच्या घरात राक्षस शनिवारी यायचे. वेल्ह्याकडं जाणारी संध्याकाळची एसटी मार्गासनीच्या थांब्यावर थांबली, की तिचा हॉर्न ओढ्यापलीकडं आमच्या वाडीत ऐकू यायचा. तो ऐकला की आई चुलीत एक लाकूड सारायची, माझा धाकटा भाऊ दत्तू बांधावर पळायचा आणि मी मात्र घरातच काहीतरी फार महत्त्वाचं काम करत असल्याचं सोंग घ्यायचे. आबा, म्हणजे आमचे वडील, कापूरहोळला पंक्चरच्या दुकानात कामाला होते. आठवडाभर दुकानामागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. थांब्यापासून वाडीपर्यंत अर्ध्या तासाची पायवाट. तेवढा वेळ मी एकच भांडं घासत बसायचे. आबांच्या पिशवीत वर कांदाभजी असायची, गार होऊन मऊ पडलेली, तिच्याखाली धुवायचे कपडे, आणि कपड्यांच्या घडीत एखादं पुस्तक. पुस्तक नसेल त्या शनिवारी मला भजीही कडू लागायची, हे मी आज कबूल करते.

आता कापूरहोळचा फाटा ओळखू येत नाही, पण त्या वेळी तिथं चार-दोन हॉटेलं, दोन-तीन गॅरेजं आणि भोरच्या गाडीची वाट बघणारी माणसं, एवढाच पसारा होता. आबांच्या दुकानाशेजारच्या हॉटेलात भजी बांधून द्यायला पुण्याहून रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यात वर्तमानपत्रं, भरलेल्या वह्या, जुन्या लग्नपत्रिका, आणि मधूनच पोरांची गोष्टींची पुस्तकं. हॉटेलवाल्याची सायकल आठवड्यातून एकदा पंक्चर व्हायचीच. आबा ते पंक्चर फुकट काढून द्यायचे आणि त्या बदल्यात गठ्ठ्यातलं एक पुस्तक उचलायचे. ते स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले. जोडाक्षर आलं की त्यांची गाडी घाटातच अडकायची. म्हणून पुस्तक ते चित्रावरून निवडायचे, आणि त्यांची पारख एकच होती. वर राक्षस पाहिजे. राक्षस नसेल तर उडणारं काहीतरी पाहिजे.

"अवं, पोरीला शाळंच्या उपेगाचं काय तर आना की," आई म्हणायची. "ह्या राक्षसांनी का प्वाट भरतंय?"

"खरं काय त्ये रोजच बगतो की आपुन," आबा शर्टाची बटणं काढत म्हणायचे. "एकांदं खोटं घरात आलं तर बिगाडलं कुठं?"

अशी माझी पुस्तकं जमत गेली. कुणाला वाटेल मी अद्भुत कथांची मोठी शौकीन होते, शोधून शोधून तीच वाचायचे. तसं काही नाही. रद्दीच्या गठ्ठ्यातून आबांच्या नजरेला जे पडलं ते माझं झालं, आणि त्याचीच मला गोडी लागली. पुस्तकं बहुतेक अर्धवट असायची. एकाची सुरुवात नाही, एकाचा शेवट नाही, एकाचं मधलं पान कुणीतरी फाडून त्याची होडी केलेली. एका गोष्टीचा दुसरा भाग आमच्याकडं दोनदा आला आणि पहिला कधीच आला नाही. पण प्रत्येकाच्या कव्हरवर एक गोष्ट नक्की असायची, आबांच्या अंगठ्याचा काळा ठसा. ग्रीसचे हात ते कितीही धुवोत, अंगठ्याच्या रेषांतलं काळं जायचं नाही. राक्षसाच्या पोटावर, परीच्या पंखावर, राजवाड्याच्या दारात, कुठं ना कुठं आबांचा अंगठा उमटलेला असायचा. शाळेत सगळ्या पुस्तकांवर शिक्का असतो, तसा हा आमच्या घरचा शिक्का आहे असं मी दत्तूला सांगितलं होतं आणि त्याला ते पटलंही होतं.

आमचं घर दोन खणांचं, वर कौलं. बाहेरच्या खणात बसणं-उठणं, आतल्या खणात चूल आणि कोपऱ्यात देव. आईचा नियम असा, की देवाच्या खणात राक्षस चालायचे नाहीत. म्हणून पुस्तकं माळ्यावर, कांदे आणि बी-बियाण्याच्या मडक्यांशेजारी. वाचायचं असलं की शिडी लावून एकच काढायचं, वाचून परत ठेवायचं. पण नियम आईनंच मोडला. संध्याकाळी कंदील एकच, आणि तो चुलीपाशी. मग मी पुस्तक घेऊन चुलीपाशी बसायचे, दत्तू मांडीला टेकायचा, आणि मी मोठ्यानं वाचायचे. आई पाठमोरी भाकरी थापत असायची. तिला अक्षर येत नव्हतं, आणि ऐकत असल्याची कबुली तिनं कधी दिली नाही. "त्वांड मिटून वाच की जरा, कान किटलं," असंही म्हणायची. पण परातीतला थप थप आवाज मी ऐकत होते ना. गोष्ट अवघड जागी आली की तो थांबायचा. राक्षस दारात आला की थांबायचा, राजकन्या विहिरीत वाकली की थांबायचा. आणि तव्यावरची भाकरी करपायची. ज्या दिवशी गोष्ट रंगली त्या दिवशी आम्ही काळी भाकरी खाल्ली. हुलग्याच्या पिठल्यात बुडवली की करपलेलं कळायचं नाही, असं आईचं म्हणणं. मला ते अजून कळतं, आणि खरं सांगायचं तर अजून आवडतं.

एका वर्षी शिमग्याच्या सुमाराला आबांनी निळ्या घोड्याचं पुस्तक आणलं. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शाबूत होतं. आमच्या घरात आलेलं असं ते पहिलंच. कव्हरवर निळा लाकडी घोडा, त्याला पंख, आणि आबांचा अंगठा बरोबर घोड्याच्या मानेवर. गोष्ट एका राजकन्येची होती. जादूगारानं तिला तळ्याच्या तळाशी कोंडलेलं, आणि शाप असा की दरवर्षी ती एक एक गोष्ट विसरत जाईल. आधी स्वतःचं नाव विसरली, मग घरची वाट, मग आईचं तोंड. काठावर तिचा लाकडी घोडा उभा. त्याला त्याच्या नावानं हाक मारली तर तो जिवंत होऊन तिला वर काढणार. आणि एका सकाळी उठते तर घोड्याचंही नाव आठवेना. हे पुस्तक मी मुद्दाम पुरवून पुरवून वाचत होते, रोज दोन पानं. संपलं की संपलं, दुसरं असं येईल न येईल. राजकन्या नाव आठवत बसली तिथं आम्ही थांबलो तेव्हा शेवटची सहा पानं उरली होती. त्या संध्याकाळी आईनं तीन भाकरी करपवल्या.

दुसऱ्या दिवशी कौलं चाळायला काढली. वैशाखात पावसाच्या आधी छपरावरची कौलं उतरवून, फुटकी बाजूला काढून, पुन्हा बसवायची. त्यासाठी माळा रिकामा करावा लागतो. कांदे पडवीत गेले, मडकी शेजारी गेली, आणि माझी पुस्तकं मी एका पोत्यात भरून गोठ्यात नेऊन ठेवली. उंदरांनी आणि दत्तूनं हात लावू नये म्हणून वरून चार मुठी वाळला पाला पसरला. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. गोठ्याच्या भिंतीशी पोत्यांची रांगच होती, त्या रांगेत ते शेवटचं पोतं. ती रांग कशाची होती हे मला चांगलं माहीत होतं, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. आजही कधी रात्री आठवलं की मी स्वतःलाच एक चापट मारते.

ती पोती राबाची होती. आमच्याकडं भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात राब भाजतात. खाली वाळलं शेण, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे रानातून गोळा केलेला वाळला पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. मग वरच्या अंगानं पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, धुमसत धुमसत खाली येते. जमीन भाजून निघते, तण मरतं, आणि पावसात टाकलेलं बी जोमानं उगवतं. त्या रोपावर वर्षाचं भात. म्हणून राबाचा मान मोठा. पेटलेल्या राबात पाय घालायचा नाही, आणि पाणी तर नाहीच नाही. 'राब विझला, रोप रुसलं' असं आमची जुनी माणसं म्हणायची, आणि लग्नातल्या अपशकुनासारखं ते मानायची.

राब करायला वाडी एकमेकांकडं जाते. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं. आमची पाळी होती त्या दिवशी आबा कापूरहोळला होते. शेजारच्या हौसाकाकू, त्यांचे मालक आणि आणखी तीन-चार माणसं आली होती. आईनं मला दळण घेऊन मार्गासनीला गिरणीवर पाठवलं. गिरणीत नंबर लागेना, मग पट्टा तुटला, आणि मी डोक्यावर पिठाचा डबा घेऊन परत आले तेव्हा ऊन कलत आलं होतं. वाडीवर धूर दिसत होता. राब पेटला वाटतं, असं मनात म्हणत मी गोठ्यात गेले, तर भिंत मोकळी. सगळी पोती झटकून दांडीवर टाकलेली. हौसाकाकू पदरानं तोंड पुसत उंबऱ्यात बसल्या होत्या.

"काकू, हितलं शेवटचं पोतं?"

"वतलं की राबात."

"त्यात पुस्तकं हुती."

"व्हय, रद्दी हुती. म्या म्हनलं बरं झालं, कागूद चांगला पेटतूय." मग माझं तोंड बघून त्या उठल्याच. "अगं, राबाच्या रांगंत हुतं, वर पातेरा हुता. म्या समजले राबाचंच हाय. कवरं बी फाटल्याली हुती गं, इंदे."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या वाडीतल्या कुणीही तेच केलं असतं, मीही केलं असतं. डबा तिथंच टाकून मी शेताकडं पळाले. राबाचा वरचा अर्धा तुकडा काळा झाला होता आणि मधोमध मातीखालून धूर निघत होता, दाट, पिवळट. कागदाचा धूर पाल्यापेक्षा वेगळा असतो, तो नाकाला लगेच कळतो. मी बांधावर उभी राहिले आणि पुढं जाता येईना. राबात पाय घालायचा नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. रडायचीही लाज वाटत होती. माणसं मेल्यावर रडतात, बैल मेल्यावर रडतात, पुस्तकांसाठी रडलेलं वाडीत कुणी पाहिलं नव्हतं. पण रडू आलंच, आणि चांगलं मोठ्यानं आलं.

तेवढ्यात आई झऱ्यावरून पाणी घेऊन आली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. वैशाखात झऱ्याला पाणी करंगळीएवढं, हंडा भरायला तास जायचा. कामाच्या माणसांना प्यायला ते पाणी होतं.

"काय झालं गं? इंचू चावला का काय?"

"आये, माजी पुस्तकं. राबात."

आईनं राबाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, आणि हळूच विचारलं, "घोड्याचं बी?"

"व्हय."

मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे, बाप दुसरी आणंल. तिनं कमरेवरची कळशी हातात घेतली आणि सरळ राबात शिरली. धूर निघत होता तिथं कळशी उपडी केली. मग डोक्यावरचा हंडा उतरवला आणि तोही ओतला. एवढा मोठा फुस्स आवाज आणि पांढरी वाफ. माणसं ओरडत आली. हौसाकाकूंचे मालक म्हणाले, "वैनी, अवं राब हाय त्यो! येड लागलं का काय!" आईनं पडलेलं दाताळं उचललं आणि माती ओढली, शेण ओढलं, आणि दाताळ्यानं पानं फाटायला लागली तेव्हा ते टाकून हातानंच काढायला लागली. मग मीही शिरले. पुस्तकाचा गठ्ठा एकदम जळत नाही, कडेनं जळत आत जातो. चाळीस-एक पुस्तकांतली अकरा हाताला लागली, चारी कडांनी काळी, मधे ओली. निळ्या घोड्याचं सगळ्यात शेवटी सापडलं. मानेवरचा अंगठा शाबूत होता. शेवटची चार पानं नव्हती.

आईच्या उजव्या तळव्याची कातडी गेली होती. त्या संध्याकाळी भाकरी मी थापल्या. त्या कशा झाल्या ते विचारू नका. माणसं आपापली कुदळ-खोरी घेऊन गेली, आणि त्यांना प्यायला पाणीही नव्हतं. मी आईच्या तळव्याला खोबरेल लावत होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यात पडत होतं. ती म्हणाली, "रडू नगं. झोंबतंय."

शनिवारी आबा आले. त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं असणार, कारण ते घरात न येता आधी शेताकडं जाऊन आले. मग आईच्या समोर बसले, तिचा हात उलटा करून पाहिला.

"राबावर पानी वतलंस?"

"वतलं."

"बरं," आबा म्हणाले. एवढंच. भात गेलं तर काय खायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी त्यांनी पिशवीत भजी आणली नाही. फुटक्या ट्यूबच्या पट्ट्या, कात्री आणि सोल्युशनची नळी आणली. रविवारी दिवसभर उंबऱ्यात बसून त्यांनी अकराही पुस्तकांना ट्यूबच्या पाठी चिकटवल्या. आधी कागदाची कड हलक्या हातानं घासायची, सोल्युशन लावायचं, वाळेस्तोवर फुंकायचं, मग रबर दाबायचं. पंक्चर काढतात अगदी तसंच. आजही ती पुस्तकं उघडली की सोल्युशनचा वास येतो. मला तो कोऱ्या पुस्तकाच्या वासापेक्षा जास्त प्रिय आहे.

पाऊस आला, बी टाकलं, आणि चारी बाजूंनी हिरवंगार रोप उगवलं. मधोमध, खाटेएवढ्या तुकड्यात, तण. दोन-चार पिवळ्या काड्या सोडल्या तर रोप नाहीच. येणारा-जाणारा बांधावर थांबून तेवढंच बघायचा. पाणवठ्यावर एक बाई म्हणालीच, "काय गं, पुस्तकाचं पीक लई आलंय म्हनं." आईनं हसून हंडा उचलला, पण घरापर्यंत ती माझ्या पुढं पुढं चालत राहिली. लावणीला उभे राहिलो तेव्हा व्हायचं ते झालंच. दोन खाचरं लावून झाली आणि तिसऱ्याला रोप संपलं. भरल्या पावसात चिखल करून तयार असलेलं खाचर रिकामं ठेवायचं, म्हणजे पुढं दोन-तीन महिने दुसऱ्याच्या दारात भात मागायला जायचं. आई बांधावर बसली आणि रिकाम्या खाचराकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, की पुस्तकं जळू द्यायला हवी होती.

तेवढ्यात हौसाकाकू आल्या. डोक्यावर रोपांच्या मुठींची पाटी, मागं त्यांच्या दोन जावा, त्यांच्याही डोक्यावर पाट्या. पाटी धप्पकन बांधावर टाकून त्या म्हणाल्या, "आमचं उरलंय. माज्या हातनं झालं, तवा रोप माजं. पर येक सांगते, ज्येच्यापायी राब इझवला त्यात हाय तरी काय येवडं, त्ये म्हाईत झालं पायजे. पोरी, जा, घिऊन ये त्यो घोडा."

मी धावत गेले आणि पुस्तक घेऊन आले. डोक्यावर इरलं, इरल्याच्या आत पुस्तक, मी बांधावर उभी, आणि खाली खाचरात चार बायका वाकून मागं मागं सरकत रोप लावतायत. मी वाचायला लागले. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांचे शब्द जळालेले, ते मी मनानं घालत होते, आणि थोड्या वेळानं जळालेलं कुठलं आणि माझं कुठलं हे मलाच कळेना. आधी बायका आपसांत बोलत होत्या. राजकन्या स्वतःचं नाव विसरली तेव्हा बोलणं थांबलं. आईचं तोंड विसरली तेव्हा एक जाऊ म्हणाली, "अगं आई गं," आणि तिची ओळ वाकडी गेली. घोड्याचं नाव आठवेना तिथून पुढची दोन पानं होती, ती वाचली. ती तळ्याच्या तळाशी बसलीय, वर घोडा उभा आहे, तिचं तोंड उघडतं आणि नाव येत नाही. पान संपलं.

"फुडं?" हौसाकाकू.

"फुडचं जळालं."

त्या तिघी ताठ उभ्या राहिल्या. लावणीत बाई अशी मधेच उभी राहत नाही, पुन्हा वाकताना कंबर धरते. पण उभ्या राहिल्या आणि भांडायला लागल्या. एक म्हणाली, जादूगारच मरंल. एक म्हणाली, देव येईल. हौसाकाकू म्हणाल्या, "ती तितंच मरती. आपल्यावानी."

आई एकटीच वाकलेली होती. बऱ्या झालेल्या पण अजून गुलाबी तळव्यानं मुठी सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मरत न्हाई. नाव इसारलं तर इसारलं. म्या माज्या म्हायेरच्या बैलाला कवा नावानं हाक मारली? जनावराला नाव कशाला लागतंय? त्येला आपला आवाज लागतोय. तिनं जीभ टाळ्याला लावून नुसतं असं क्येलं आसंल." आणि तिनं च्यक् च्यक् असा आवाज केला. बैलांना दावणीला बोलवायचा तो रोजचा आवाज. वरच्या बांधावर आमची जोडी चिखलणी करून उभी होती. त्यातल्या ढवळ्यानं कान टवकारले आणि मान वळवून आईकडं पाहिलं. सगळ्या बायका हसायला लागल्या, हसता हसता हौसाकाकूंनी डोळे पुसले, आणि पाऊस होता म्हणून ते कुणाला दिसलं नाही असं त्यांना वाटलं. संध्याकाळपर्यंत खाचर पुरं झालं. पुढच्या वर्षीपासून लावणीला मला बोलावणी येऊ लागली. पुस्तक घेऊन ये, म्हणायचे. वाडीतल्या पोरांनी मला 'राक्षसीण' नाव ठेवलं ते तेव्हाच.

लग्न होऊन मी भोरला आले, शिवणाचं दुकान टाकलं. दुकानात कापडाच्या मापानं केलेले कप्पे आहेत, त्यातले निम्मे पुस्तकांचे. उडते गालिचे, बोलणारी झाडं, राक्षस, ड्रॅगन, जे मिळेल ते. नातवंडांच्या वयाची पोरं ब्लाउज शिवून होईस्तोवर खाली बसून वाचतात आणि त्यांच्या आया घाई करत नाहीत. नवी पुस्तकं गुळगुळीत असतात. पण मी कधीतरी मशीनचं तेल लागलेला अंगठा मुद्दाम कव्हरवर टेकवते. म्हातारपणी माणसाला असले खुळे छंद माफ असतात.

परवा दत्तूच्या मुलीनं कमाल केली. मोबाईलवर शोधून शोधून कुणा जुन्या पुस्तकवाल्याकडून तिनं निळ्या घोड्याची अख्खी प्रत मागवली. मी उघडून पाहिलं नाही, तशीच पिशवीत टाकून गाडीनं वाडीला गेले. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई आहे, दत्तूकडं. ऐकू कमी येतं, पण चुलीपुढचं पाटावर बसणं सोडलेलं नाही, गॅस आला तरी. मी तिच्या कानाशी बसून पुस्तक वाचलं, सगळं, पहिल्यापासून. ती डोळे मिटून ऐकत होती. मग त्या जळालेल्या चार पानांशी आले. एक राजपुत्र येतो. तो घोड्याला नावानं हाक मारतो, घोडा जिवंत होतो, राजपुत्र तळ्यात उडी मारून राजकन्येला वर काढतो, आणि लग्न होतं.

आईनं डोळे उघडले. "आन् तिनं काय क्येलं?"

मी पान पुन्हा पाहिलं. "काय न्हाई. ती झोपली हुती."

आई उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्या जुन्या गुळगुळीत डागावरून डाव्या हाताचं बोट फिरवत म्हणाली, "मंग जळालं त्येच बरं झालं."

आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, की दत्तूची बायको काय झालं म्हणून आत बघायला आली.